मनिषाच्या बोर्डावरची शेपटी

४ ऑगस्ट, सोमवार
बायकोची, मनिषाची, खानावळ चोवीस तारखेला सुरू होणार. अकरा वर्षं दुसऱ्याच्या कँटीनमध्ये शेगडीपुढे उभी राहिली बिचारी. आता स्टेशन रोडला स्वतःचा गाळा आणि दारावर स्वतःचं नाव. चोवीसच का, तर तेवीसला श्रावण संपतो, सव्वीसला हरतालिका, सत्तावीसला गणपती. मासे खायला मधले दोनच दिवस, आणि चाकरमानी गाड्या भरभरून त्याच दिवसांत उतरणार. मासे नाटे बंदरावरून तिचा भाऊ गुणाजी आणेल. रांधायचं ती बघेल. माझ्याकडे एकच काम, बोर्ड. घरात इंग्रजीचे क्लास घेणारा माणूस असल्यावर बोर्डाची काळजी नको, असं मी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. विश्वास असावा.

बोर्ड इंग्रजीत: मनिषाज किचन. 'ए' आणि 'एस'च्या मध्ये, वरच्या अंगाला स्वल्पविरामासारखी एक शेपटी. तिचं नाव अॅपॉस्ट्रॉफी. किचन मनिषाचं आहे हे ती शेपटीच सांगते. रत्नागिरीत ती कोणीही धड काढत नाही. आपण काढून दाखवू.

६ ऑगस्ट
फ्लेक्सवाल्या दीपकने डिझाइन पाठवलं. शेपटी नाही. परत पाठवलं. दीपक म्हणाला, सर, दुरुस्ती असली की नंबर मागे जातो हां, मशीनला गणपतीची लाईन लागलीय. म्हटलं, जाऊ दे. दर्जा महत्त्वाचा.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
दुसरं डिझाइन. यात शेपटी आहे. फिश थाळीलाही आहे. सोलकढीला आहे. पार्सललाही आहे. दीपक म्हणाला, सरांना आवडते म्हणून जरा जास्तच टाकलीय.

डोकं दुखतंय. नंबर पुन्हा मागे.

संकल्प: दीपकवर रागवायचं नाही. त्याला शिकवायचं.

१३ ऑगस्ट
तिसरं. शेपटी एकच आणि जागेवर. पण सरळ! वाळकी काडी खोचून ठेवल्यासारखी. तिला बाक पाहिजे. मनिषा भाजी चिरता चिरता मोबाईलवर बघून म्हणाली, चांगलाय की, छापून टाका. म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, अहो, शेपटी बघून कोण जेवायला येत नाय. गुणाजी आला होता, तोही बहिणीच्या बाजूने. म्हणाला, भावोजी, सुरमय काय बोर्ड वाचून ताटात चढते काय? दोघं हसले. मी हसलो नाही.

बाक कसा हवा ते कळावं म्हणून कागदावर इंग्रजी नऊचा आकडा काढून, फोटो काढून दीपकला पाठवला. नंबर मागे.

१७ ऑगस्ट, रविवार
आलं! चौथं डिझाइन निर्दोष आहे. खाली दीपकचा प्रश्न: ओके का सर? नुसतं ओके लिहून कसं चालेल? त्याने कष्ट घेतले आहेत. सविस्तर मेसेज लिहिला. शेपटीचा इतिहास, तिचे उपयोग, रत्नागिरीतल्या सतरा चुकीच्या बोर्डांची यादी, शेवटी आभार आणि ओके. दीड तास लागला. आता निश्चिंत.

२१ ऑगस्ट
बोर्ड कधी मिळेल म्हणून फोन केला. दीपक म्हणाला, तुमचा ओके कुठे आला सर? म्हटलं, मेसेजच्या शेवटी आहे. तो म्हणाला, सर, तेवढा वाचायला माझा गणपती जाईल, मला वाटला परत दुरुस्तीच हाय. आता मशीनवर मंडळांची कमान आणि पुढाऱ्यांचे चेहरे. तुमचा सव्वीसला.

सव्वीसला हरतालिका आहे, असं सांगितलं. त्याला ठाऊक होतं.

चूक सर्वस्वी त्याची. वाचनाची सवयच उरली नाही लोकांना.

२३ ऑगस्ट, शनिवार
मनिषाला आज सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती हात पुसून पुठ्ठ्याचा खोका फाडायला बसली. दोन दिवस आधी का नाही सांगितलंत, एवढंच विचारलं. मी दीपकबद्दल बोलायला लागलो तर आत निघून गेली. वाईट वाटलं. अकरा वर्षं तिला दारावर नाव हवं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार, दुपारी चार
पाय गेले कामातून. सकाळी आठपासून स्टेशनच्या वळणावर पुठ्ठा धरून उभा होतो. पुठ्ठ्यावर मनिषाने मार्करने लिहिलंय: ताजे मासे, जेवण तयार. खाली बाण. चार शब्द आणि एकही चूक नाही, हे मान्य करायला हवं. नाव तेवढं नाही. जागा पुरली नाही म्हणाली.

रिक्षातून एक आजोबा वाकून विचारायला लागले, कुणाची हो खानावळ? मी म्हटलं, मनिषाची. नंतर दिवसभर तेच सांगत होतो. घसा बसला. दोन वाजता पातेली रिकामी.

२५ ऑगस्ट
पुन्हा वळणावर. आज दीडलाच संपलं. माझा एक विद्यार्थी आईबरोबर जेवायला आला आणि मला बघून न बघितल्यासारखं केलं. मीही तेच केलं.

२६ ऑगस्ट, हरतालिका
बोर्ड आला. शेपटीला काय सुंदर बाक आहे! मनिषाने उपासामुळे बसल्या बसल्याच दोन वेळा वाचला. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. मला भरून आलं. म्हटलं, आता गणपतीनंतर हा लावला की मी सुटलो.

ती म्हणाली, बोर्ड लावूया, पण तुम्हीही उभे राहा. गुणाजी सांगत होता, लोक पुठ्ठेवाले काका कुठेत म्हणून विचारत होते.

म्हटलं, माझे क्लास असतात.

किती पोरं येतात, असं तिने विचारलं. टोमण्याने नाही, खरंच विचारलं.

दोन.

पुठ्ठा एका कोपऱ्याला भिजलाय. नवीन बघून ठेवायला हवा.