लाल कापडातली तंबाखू

प्रिय आल्सीददादा,

पाकिटात लाल कापडाची पुरचुंडी आहे. तिला अजून हात लावू नकोस, आधी हे सगळं वाच. साठ वर्षं झाली, तू या गावाचं नाव काढलं नाहीस आणि मीही तुझ्यापुढे कधी काढलं नाही. आज काढते, रागावू नकोस.

बागकाम मंडळाची ब्रेंडा मागच्या महिन्यात घरी आली होती. गोऱ्यांची असली तरी पोरगी गुणाची आहे. त्यांच्या प्रत्येक सभेआधी एक कागद वाचतात, "ही जमीन क्री आणि मेटी लोकांची आहे, आम्ही त्यांचे कृतज्ञ आहोत." मेटी म्हणजे आपणच की. मग चहा आणि केक. तो कागद मी इतक्यांदा ऐकलाय की तो चालू असताना आज केक कुठला असेल, एवढाच विचार करते. यंदा त्यांना सभागृह वाढवायचंय, तर म्हणाली, "डेल्फीनआजी, या वेळी तुम्हीच चार शब्द बोला ना." आणि कुणी शिकवलं देव जाणे, लाल कापडात बांधलेली तंबाखू तिने, आपल्यात काही मागताना धरतात तशी, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मला बरं वाटलं रे. आपल्याला या गावात रीतीनं कुणी कधी काही विचारलं होतं? मी घेतली. एकदा घेतली की नाही म्हणता येत नाही, हे तुला काय सांगायचं.

मग तिने सभागृहाच्या वाढीव जागेचा नकाशा पसरला. ओढ्याचं वळण दिसलं, चोकचेरीची झुडपं दिसली. आपलं घर तिथंच होतं, दादा. गुरांच्या कुरणासाठी पालिकेने सडकेकडेची आपली बारा घरं जाळली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आगीपेक्षा मला आईच आठवते. बॅनॉकच्या रोट्यांची कढई तेवढी उचलून ती गाडीत बसली आणि मागे वळून बघत राहिली. घराकडे बघतेय असं मला वाटलं होतं. ती रोझीनकडे बघत होती, हे मला फार उशिरा कळलं.

परवा सभेत उभी राहिले. कागदाची घडी करून खिशात टाकली. म्हटलं, "कृतज्ञता राहू द्या. या जमिनीत माझी दीड वर्षांची बहीण आहे. नेमकी कुठे, ते मला माहीत नाही." केकला कुणी हात लावला नाही. ब्रेंडा रडायला लागली. मंडळाचा म्हातारा अध्यक्ष जवळ येऊन म्हणाला, "जागा दाखवा, आजी. तिथे फावडंसुद्धा लावू देणार नाही. पण बर्फ वितळला की खोदाई सुरू होईल." दाखवू काय, कपाळ?

रोझीनला पुरलं त्या दिवशी बाबांबरोबर कुदळ घेऊन तू गेला होतास. बाबा गेले, आई गेली. जागा ठाऊक असलेला तू एकटाच उरलास. इथं पुन्हा पाय ठेवणार नाही असं तू आईच्या देखत म्हणाला होतास, ते मोड असं मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून रीतीनंच विचारतेय. ब्रेंडाची तंबाखू मी ओढ्याकाठी वाहिली. पुरचुंडीत आहे ती माझी. घ्यायची नसेल तर न सोडता परत पाठव, मी एक शब्द बोलणार नाही. घेतलीस, तर बर्फ वितळायच्या आत ये आणि आपली रोझीन कुठे निजलीय ते दाखव.

तुझीच धाकटी,
डेल्फीन