खारभूमीचा एकमेव अभ्यासक

१२ डिसेंबर, नागपूर. सकाळी.
निर्णय झाला. यापुढे गणराज भोईर हा एकाच विषयाचा आमदार. विषय: खारभूमी.
काल लॉबीत एक ज्येष्ठ सदस्य चहा पिताना म्हणाले, पूर्वी सभागृहात कुणी सिंचनातला माणूस असायचा, कुणी सहकारातला. तो बोलायला उठला की मंत्री पेन काढायचे. आता सगळे सगळ्यावर बोलतात. हे ते दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते. मी बिस्किटांच्या टेबलापुढे उभा होतो.
चार वर्षं रस्ते, बदल्या, बारशी करण्यात गेली. म्हणून कुणी पेन काढत नाही.
घाटावरच्या सदस्यांसाठी परिचयाचा मजकूर तयार केला: आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात. बांधाला उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं. बांध फुटला तर त्याला खांड पडली म्हणतात, आणि मग पुढची काही वर्षं त्या शेतात भात होत नाही.
छान जमलंय. यापलीकडे सभागृहात कुणाला काही माहीत नाही. मलाही नाही, पण मी तिथला आहे.

१३ डिसेंबर. संध्याकाळी.
शेजारच्या खोलीत सगळे जमलेत. हसण्याचे आवाज. भिंत पातळ आहे. मला बोलावलं नाही. अभ्यास करतोय हे पसरलेलं दिसतंय.
खारभूमीवरच्या सरकारी अहवालाची प्रस्तावना वाचली. निम्मी.
घरी फोन केला. विनिता, म्हणजे आमची मंडळी, कोळीवाड्यात कुणाच्या तरी हळदीला. मागे बँजो. मी म्हटलं, आपण हळदीला जाणार नाही असं ठरलंय ना. ती म्हणाली, तुम्ही जाणार नाही असं ठरलंय, मी आलेय. आणखीही काही म्हणाली, बँजोत ऐकू आलं नाही.
तिला करमत नसणार. जाऊ दे, तेवढाच वेळ जातो.

५ जानेवारी, रेवदंडा.
निकेशला, म्हणजे माझ्या पीएला, नवीन नियम सांगितले. हळद बंद. बारसं बंद. क्रिकेटचे चषक बंद. दुकानाची फीत कापणे बंद. निकेशने विचारलं, आणि दशक्रिया? मी म्हटलं, अभ्यासक माणूस दशक्रियेला जात नाही. तो म्हणाला, बरं साहेब, आणि बाहेर जाऊन विनिताशी बोलला.

९ जानेवारी.
सकाळी लोक आले. एकाला मुलाची बदली हवी, एकीचं रेशनकार्ड अडलंय, एकाच्या सासऱ्याला अलिबागच्या दवाखान्यात खाट मिळत नाही. प्रत्येकाला शांतपणे समजावलं, माझा विषय आता वेगळा आहे. एक म्हातारी म्हणाली, म्हंजे तुमी आता आमदार न्हाय? तिला विशेषज्ञ आणि सामान्य प्रतिनिधी यातला फरक सांगितला. ती ऐकून घेऊन मागच्या दाराकडे गेली.
मागच्या दारी बरीच गर्दी असते. विनिता चहा देते. चहा म्हटल्यावर गर्दी होणारच.

१७ मार्च, मुंबई. दुपारी.
भाषण झालं!! संपूर्ण किनाऱ्याचा आढावा घेतला. एकही गाव वगळायचं नाही म्हणून कुठल्याच गावाचं नाव घेतलं नाही. धोरण मांडलं. सभागृहात तुरळक सदस्य होते, पण शांतता विलक्षण. शेजारचे सदस्य डोळे मिटून ऐकत होते, शेवटी शेवटी तर मान छातीवर टेकवून. मंत्र्यांनी पेन काढलं नाही, फोन काढला. बहुधा फोनमध्येच नोंद केली असावी. हल्ली तशी पद्धत आहे.
समारोपाचं वाक्य राहिलं. घंटा वाजली.

संध्याकाळी.
आमदार निवासात खोलीवरच थांबलो. फोन येतील म्हणून जेवण वर मागवलं. एक फोन आला, दिवखारच्या धर्माजीचा. त्याचं शेत अगदी खाडीच्या बांधाला लागून. त्याला कुणीतरी मोबाइलवर भाषण दाखवलं.
तो म्हणाला, साहेब, आमच्या उघाडीचं नाव घेतलंत काय? दार कुजलंय, उधाणाला टिकायचं न्हाय.
मी सांगितलं, हे भाषण धोरणाच्या पातळीवरचं होतं.
तो म्हणाला, म्हंजे न्हाय घेतलं.
मी म्हटलं, रेंज नाही, नंतर बोलू.
आणखी फोन नाहीत. लोक पूर्ण भाषण ऐकून मगच बोलणार असतील.

१८ मार्च.
वर्तमानपत्र पाहिलं. शेजारच्या सदस्यांचा फोटो आहे, झोपलेला. त्यांच्या डाव्या बाजूला दिसणारा हात माझा आहे. कात्रण काढून ठेवलं.

२२ एप्रिल.
समित्यांची यादी आली. खारभूमीची समिती होईल आणि तिचं अध्यक्षपद माझ्याकडे येईल असं मला वाटत होतं. मला कॅन्टीनच्या जेवणाच्या समितीत घेतलंय. सदस्य म्हणून.
विचार केला. भात हा कॅन्टीनचा मुख्य पदार्थ. भात कुठून येतो? खारभूमीतून येऊ शकतो. दार किलकिलं आहे.
हे विनिताला सांगायला फोन केला. ती पोलीस ठाण्यात होती, कुणाची तरी बाइक सोडवायला. म्हणाली, नंतर करते. केला नाही. बाइक जुनी असेल, कागद मिळत नसतील.

२ जून, रेवदंडा.
अधिवेशन नाही म्हणून घरी. घरी कुणी नाही. ओट्यावर झाकून ठेवलेलं कालवण आणि भाकरी. विनिता चौलला एका लग्नाला गेली होती. शेवटी मीही गेलो, केवळ जेवायला दोघं असावीत म्हणून. नियम मोडला असं नाही, कारण नवरदेव कृषी पदवीधर आहे.
विनिता मला घ्यायला मांडवाबाहेर आली. दोघं आत शिरलो तसे लोक उठून उभे राहिले. बायका पुढे आल्या. विनिता माझ्या थोडी पुढे चालत होती, म्हणून पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. नवरीच्या आजीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, तुमी कुठलं?
दृष्टी कमी असणार.
जेवायला मी पुरुषांच्या पंगतीत बसलो, ती वाढायला. दोन्ही बाजूंच्या पाटांवर कुणी बसेना. आदर.

१९ ऑगस्ट, पुणे. दुपारी.
परिसंवाद. विषय: किनारपट्टी आणि खारजमिनी. मला वक्ता म्हणून बोलावलं हे विशेष. दुसरे वक्ते आले नाहीत, त्यामुळे मला दुप्पट वेळ मिळाला. दुप्पट वेळात काय बोलायचं हा प्रश्न होता, पण परिचयाचा मजकूर दोनदा सांगितला तर ठसतो. एका मुलीने प्रश्न विचारला, की तुमच्या भागात आता, आज, काय परिस्थिती आहे? मी म्हटलं, नियंत्रणात आहे.
फोन सायलेंटवर होता.

संध्याकाळी.
दिवखारला खांड पडली. सकाळच्या उधाणात उघाडीचं दार गेलं, त्यामागोमाग बांध. पाणी धर्माजीच्या शेतात, तिथून पुढे गावाच्या देवळापर्यंत. लावणी झालेली होती.
निकेशचे पुष्कळ मिस्ड कॉल. त्याला फोन केला तर म्हणाला, साहेब, वहिनी सकाळपासून इथेच आहेत. ओळखीच्या ठेकेदाराचं पोकलेन आणवलं. तहसीलदारांना स्वतः जाऊन गाडीत बसवून आणलं. आता पोती टाकतायत.
विनिताला फोन दिला. ती ओरडून बोलत होती, मागे मशीन. मी सांगितलं, पोती हा तात्पुरता उपाय आहे, दीर्घकालीन उपायाचा आराखडा मी पाठवतो. ती म्हणाली, अहो, धर्माजीभाऊ बांधावर बसून रडतायत, मी त्यांना काय सांगू?
आराखड्यात त्यावर काही नाही.
पीडीएफ पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या.

२० ऑगस्ट, दिवखार.
पोहोचलो. काम संपलं होतं. पाणी अजून उभं. भाताचे शेंडे वर दिसत होते, पिवळे. वास खाडीचा. धर्माजी भेटला. मी म्हटलं, हेच मी मार्चमध्ये सभागृहात मांडलं होतं. तो म्हणाला, व्हय साहेब. रागावला असता तर बरं झालं असतं.
बांधावर बराच वेळ उभा राहिलो. अभ्यास म्हणून. कुणी जवळ आलं नाही. सगळे देवळात होते, विनिता गावाला जेवण वाढत होती. मी जाणारच होतो, पण बूट चिखलात रुतला, आणि एका पायात बूट घालून पंगतीत जाणं बरं दिसत नाही.

२८ सप्टेंबर.
बाळाजीशेठ आले. पक्षाचे जिल्हाध्यक्ष. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, गणराज, काळजी करू नकोस, तिकीट तुमच्या घराबाहेर जात नाही.
म्हणजे अभ्यासाची दखल घेतली गेली! त्यांना पीडीएफ छापून वाचायला दिला. त्यांनी तो घडी करून मांडीखाली ठेवला. जाताना विसरले. विनिताशी मागच्या पडवीत बराच वेळ बोलत होते. स्वयंपाकाचं कौतुक करत असणार, घावणे चांगले झाले होते.

२१ ऑक्टोबर.
उमेदवारी विनिताला.

२२ ऑक्टोबर. सकाळी.
काल पुढे लिहवलं नाही. डोकं दुखत होतं.
झालं ते असं. ती संध्याकाळी खोलीत आली, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, मी मागितलं नाही. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर आत्ता बाळाजीशेठना फोन करून नाही सांगते. फोन हातात होता तिच्या.
मी बऱ्याच गोष्टी बोलणार होतो. राज्याच्या धोरणात एका विषयाचा माणूस का लागतो, हेच बोलायला सुरुवात केली. ती ऐकत होती. तिच्या हातांना पोत्याच्या सुतळीचे वळ आहेत, अजून गेलेले नाहीत. ते मी पहिल्यांदाच पाहिले.
म्हटलं, तू लढ.
ती म्हणाली, मनापासून?
म्हटलं, मी आता पूर्णवेळ संशोधनाकडे वळायचं म्हणतोय.
ती हसली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर गेली. बाहेर टाळ्या झाल्या. मी खिडकी लावून घेतली, डास येतात.

९ नोव्हेंबर.
प्रचार. मी जीपमध्ये मागे. बाळाजीशेठ म्हणाले, तू हात हलव, बोलू नकोस. रणनीती असावी. मोठी माणसं कमी बोलतात.
दिवखारला सभा. विनिताने खारभूमी हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. म्हणाली, धर्माजीभाऊंची उघाडी मी आधी करून घेणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खाली बसून तिला चिठ्ठी पाठवावीशी वाटली, की उघाड्या संपूर्ण किनाऱ्यावर किती आहेत याचा आकडा माझ्याकडे आहे. पाठवली. तिने ती न वाचता मुठीत धरली आणि बोलत राहिली.

२४ नोव्हेंबर.
निवडून आली. मोठ्या फरकाने. माझ्या वेळेपेक्षा.
गुलालाने दाढी लाल झाली. कुणीतरी चुकून मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

१६ डिसेंबर, रेवदंडा. दुपारी.
विनिता नागपूरला. निकेशही तिच्याबरोबर. घर शांत आहे, अभ्यासाला उत्तम. अहवालाच्या प्रस्तावनेचा उरलेला भाग वाचायला घेतला. मग सुपारीच्या बागेत चक्कर मारली. मग पुन्हा घेतला.
मागच्या दारी सकाळी काही लोक आले होते. ताई नाहीत म्हटल्यावर परत निघाले. मी म्हटलं, बसा, चहा करतो. ते म्हणाले, नको साहेब, कशाला त्रास. खरं तर पातेलं ठेवलं होतं मी.
साखरपुड्याला जायचं होतं, विनिताने यादी देऊन ठेवलीय. गेलो. नारळ दिला. निवेदकाने माइकवरून सांगितलं, आमदारताईंचे मिस्टर उपस्थित आहेत. मुलीच्या वडिलांनी विचारलं, आपण काय करता? मी खारभूमी म्हणालो. ते म्हणाले, मीठ का?
घरी आलो. स्वयंपाकाच्या बाईने करून ठेवलेला भात एकट्याने संपेना. विनिताला फोन लावला. निकेशने उचलला. म्हणाला, मॅडम सभागृहात आहेत. काम काय म्हणून सांगू?
मी विचार केला. काम असं काही नव्हतं.
म्हटलं, जेवलो म्हणून सांग.
तो म्हणाला, एवढंच ना? आणि पुढचा फोन घ्यायचाय म्हणून ठेवला.