चार खणांचं पान

३ नोव्हें., सोम.
जुलैच्या सगळ्या लिंका जूनवर उघडून राह्यल्या. ३१ पानं, एकेक दाबून पाह्यली. टॅबवर लिहायचे नवीन वर्षाचे प्लॅनर लोक ऑनलाईन आत्ताच विकत घेतात, डिसेंबर संपला की कोणी विचारत नाई. आणि मी अजून जुलैत.

बाबा भाजीच्या जुड्या बांधता बांधता टॅब पाहत होते. "कागद दहा रुपयाले भेटते. लोक काचेवर काऊन लिहितात?" सांगितलं, बाबा, ही काच कागदासारखीच दिसते, डोळ्याले त्रास नाई, हजार वह्या एकात. म्हणे, "हजार वह्या लिहायले हजार वर्ष लागतीन ना वं."

पटलं.

५ नोव्हें., बुध.
माझे प्लॅनर कोणी घेऊन नाई राह्यलं. सगळ्यांचे सारखेच. वरती महिने, बाजूले आठवडे, सकाळी सहापासून तासांच्या रेघा. मीही तेच करून राह्यली.

आज बाबांची वही हाती लागली. शाळेची, दोनशे पानी. रोज एक पान, पानाचे चार खण पाडलेले, फूटपट्टी न लावता. लाईन. तोडा. बाजार. बाकी. तासबीस काही नाई. लाईन म्हणजे मोटारीले वीज कधी आली, त्यावर दिवस ठरते. शेवटचा खण, उरलेलं सगळं लिहायले, सर्वात मोठा.

विचारलं, हे मी घेऊ का? म्हणे, "घे ना. रेघा काय कोणाच्या बापाच्या असतात?"

९ नोव्हें., रवि.
चार खणांचा प्लॅनर झाला. खणांची नावं गिऱ्हाईकानं आपली टाकायची. डावखुऱ्यांसाठी वेगळी फाईल. मागच्या पानावर न्यायची परतीची खूण मोठी केली, जाड बोटानंही लागली पाह्यजे.

नमुन्यासाठी सुरुवातीले एक भरलेलं पान पाह्यजे होतं, नाईतर कळत नाई कसं वापरायचं. बाबांच्या वहीतलं एक पान स्कॅन केलं. टॅबवर फिकं दिसे, निळी शाई तिथं राखेसारखी होते. म्हणून गडद केली. दोनदा. आता एकेक अक्षर उठून दिसते. बाबांचं अक्षर खरंच देखणं आहे, आठवी शिकलेल्या माणसाचं वाटत नाई.

घेणारे बहुतेक परदेशातले, त्यांना कुठं मराठी वाचता येते. नक्षी म्हणून राहीन.

१७ नोव्हें., सोम.
चालला बापा! आठ दिवसांत जेवढे गेले तेवढे अख्ख्या मागच्या वर्षी नाई गेले. कॅनडातल्या एका बाईनं लिहिलं, शेवटचा मोठा खण पाहून मी रोज लिहायले लागली. आणि हे हस्ताक्षर कोणाचं आहे? फार सुंदर.

बाबांना सांगितलं. लाजले. मग एकदम, "तिनं कोठं पाह्यलं माझं अक्षर?"
मी म्हटलं, असंच, कोपऱ्यात थोडंसं टाकलं आहे.
खोटं बोलायची गरज नव्हती. का बोलली काय माहीत. पूर्ण सांगितलं असतं तं त्यांनी विचारलंच असतं, कोणतं पान.

मोठेबाबा, बाबांचे मोठे भाऊ, जेवायले आले तं त्यांनाही बाबांनी सांगितलं, कॅनडाची बाई माह्या अक्षराले चांगलं म्हणते. मोठेबाबा म्हणे, "मले माहीतच होतं. शाळेत माझा अभ्यास हाच लिहून देत होता."

२३ नोव्हें., रवि.
नितीनदादानं प्लॅनर घेतला. मोठेबाबाचा मुलगा, हैदराबादले असतो. सकाळी मेसेज, "घरचं पहिलं गिऱ्हाईक मी." मी किती खूश. आईलेही वाचून दाखवला.

दुपारी फोन.
"हे पान खरं आहे का?"
कोणतं, म्हटलं.
"वाच."

मी टॅब उघडला आणि आपलंच विकलेलं पान पहिल्यांदा वाचलं. आजवर रेघा पाह्यल्या, समास पाह्यला, शाईचा काळेपणा पाह्यला. वाचलं नव्हतं. खरंच नव्हतं.

लाईन – दिवसाची, दहाले आली.
तोडा – चवळीच्या शेंगा, दोन पोते.
बाजार – सेलू. बरा.
बाकी – भाऊ आज सेलूहून येताना रस्ता विसरला. नाल्यापाशी उभा होता. हाताले धरून आणला. नितीनले सांगू नको म्हणे. घेऊन जाईन तो मले. नाई सांगणार म्हटलं.

दादानं विचारलं, "कधीपासून?"
मले काय माहीत. मोठीआई गेल्यापासून मोठेबाबा रोज आमच्याच घरी जेवतात, माझ्या समोर बसतात. एकदा जेवून पुन्हा ताटावर बसले होते. मी हसली होती. म्हातारपण, असं समजली. डोकं सगळं लिंकांत.

२४ नोव्हें., सोम.
बाबांना सांगितलं. सांगावंच लागलं, दादा येऊन राह्यला.
त्यांनी टॅब हातात घेतला, लांब धरून पूर्ण पान वाचलं.
"तू वाचलं नव्हतं?"
"नाई."
"मंग टाकलं काऊन?"
सुंदर दिसे म्हणून. बाबा उठून वावरात गेले, चहा तसाच राह्यला.

२६ नोव्हें., बुध.
पान काढलं. नवीन फाईल चढवली. ज्यांनी घेतला त्या सगळ्यांना लिहिलं, कृपा करून पहिली फाईल काढून टाका, त्यात घरची खाजगी गोष्ट आहे. काहींनी हो म्हटलं. बहुतेकांचं उत्तरच नाई. एकानं लिहिलं, मी ते पान कव्हर म्हणून ठेवलं आहे, मले कळत नाई पण पाहून शांत वाटते.

कागद असता तं फाडून आणला असता. हे कुठून कुठून आणू.

२९ नोव्हें., शनि.
दादा मोठेबाबांना घेऊन गेला.

सकाळपासून दोघा भावांचं बोलणं नाई. बाबांनी मोठेबाबांची पिशवी भरली, चष्मा, बीपीच्या गोळ्या, मेथीच्या दोन जुड्या. दादा म्हणे, काका, हैदराबादले मेथी भेटते. बाबांनी तरी ठेवल्या.

गाडीपाशी मोठेबाबा थांबले. बाबांना म्हणाले, "माह्या चुका वहीत लिहून ठेवत होता तू?"
"चुका नाई, भाऊ. दिवस लिहीत होतो."
"मले म्हटलं होतं, कोणाले सांगणार नाई."
बाबांनी पिशवी उचलून गाडीत ठेवली. माझ्याकडेही पाह्यलं नाई. माझं नाव घेतलं असतं तं बरं झालं असतं. मीच पुढं व्हायले पाह्यजे होतं, मोठेबाबा, बाबांनी नाई, मी केलं. पाय उचलला नाई. अशी कशी मी!

दादा जाताना मले म्हणे, "तुझे उपकार मानू का तुह्यावर चिडू, समजत नाई मले." दोन्ही कर म्हटलं.

४ डिसें., गुरु.
बाबा लिहून नाई राह्यले. २४ पासून वही कोरी. रोज जेवल्यावर वहीच्या कोनाड्याजवळ जातात, पेन खिशाले लावतात आणि बाहेर ओट्यावर बसतात.

ऑर्डरी येऊन राह्यल्या. नमुन्याच्या पानावर आता माझं अक्षर, खोटा मजकूर. दूध आणणे. दाताचा डॉक्टर. कॅनडाच्या बाईनं विचारलं, आधीचं काऊन काढलं?

आई म्हणे, "चांगलंच झालं की, नितीनले कळलं तं. उद्या नाल्यात पडले असते म्हणजे?" खरं आहे आईचं. पण आपल्या हातून चांगलं झालं असं मले वाटतच नाई. जे सांगायचं होतं ते बाबांचं होतं, त्यांच्या वेळेले, त्यांच्या तोंडून.

१२ डिसें., शुक्र.
मोठेबाबांचा फोन. दादाच्या फोनवरून, चोरून लावल्यासारखा. "पाणी कधी द्याचं आहे हरभऱ्याले? मी येतो उद्या." बाबा म्हणाले, ये. मग दादानं फोन घेतला. तिथं जेवत नाईत, लिफ्टमध्ये घाबरतात, दोनदा चप्पल घालून निघाले.

फोन ठेवल्यावर बाबा भडकले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "त्याले मी इथं सांभाळत होतो! दोन वर्ष सांभाळलं, कोणाले कानोकान खबर नाई! तुह्या त्या काचेनं एका दिवसात नेला त्याले!" आई मधी पडली. मी म्हटलं, बोलू दे. बोला बाबा.
ते माठाकडे गेले. पाणी प्यायले.

१९ डिसें., शुक्र.
दादाचा फोन, मले. डॉक्टरनं विचारलं आहे, कधी सुरू झालं, काय काय झालं, तारखेनिशी. त्यावरून औषध ठरवतीन. गावात राह्यले तं चालते का, हेही सांगतीन. मंगळवारले दाखवायचं आहे. "माझ्याजवळ काहीच नाई गं. काकाच्या वह्यांत असन. तू विचार."

मी? मी कोणत्या तोंडानं विचारू! पण विचारलं. समोर बसून, पूर्ण सांगून, काय लागते, कोण वाचीन, कुठं जाईन.
बाबा म्हणे, उद्या सांगतो.

२० डिसें., शनि.
सकाळी बाबांनी पाच वह्या माझ्या पुढ्यात ठेवल्या.
"फोटो काढू नको. वाच आणि हातानं लिहून काढ. भाऊचं तेवढंच. बाकी घरचं आहे."
हो म्हटलं.
"आणि सगळ्यात वर लिहीजो, वावरात तो चुकत नाई. कोणता वाफा, कोणतं बी, सगळं ध्यानात असते त्याच्या. वावरात ठेवला तं ठीक राह्यते माझा भाऊ. हे डॉक्टरले कळलं पाह्यजे."

डॉक्टरनं हे वाचलं तं पाठवतीन त्यांना परत, असं बाबांच्या मनात. माझ्याही.

२१ डिसें., रवि.
सकाळपासून वाचून राह्यली. या वेळी खरंच वाचून. प्लॅनरचं काम बंद, येऊ दे कोणाचे मेसेज यायचे ते.

वर लिहिलं, वावरात चुकत नाहीत. खाली तारखा. मोठीआईचं नाव घेऊन हाक मारली. पैसे दोनदा दिले किराणावाल्याले. नितीनच्या मुलीचं नाव आठवेना, बाबांनी हळूच सांगितलं. अशा चाळीसेक नोंदी, आणि प्रत्येकीत बाबा कुठंतरी बाजूले उभे, झाकून घेत.

मग चौथ्या वहीत जूनचं एक पान. बाकीच्या खणात –
भाऊनं तणनाशकाचा पंप वांग्यावर मारला. सहा ओळी जळल्या. त्याले कळलं नाई. कोणी विचारलं तं मी मारला म्हणीन.

ते वांगे मले चांगले आठवतात. मीच विचारलं होतं. सगळ्यांसमोर, मजूर बाया उभ्या असताना, बाबांना म्हटलं होतं, डोळे आहेत का नाई तुमचे? उभं पीक जाळलं! मोठेबाबा बांधावर बसून ऐकत होते. बाबा फक्त म्हणाले, चुकलं बापा माझं.

एकदा न विचारता सगळ्या दुनियेले दिलं. आता हे, जे द्यायलेच पाह्यजे, ते लिहायले हात उठत नाई. लिहिलं तं वरची ओळ खोटी पडते, मोठेबाबा परत येत नाईत. नाई लिहिलं आणि उद्या तोच पंप, तेच औषध त्यांच्या हाती…

बाबा मेथी निवडता निवडता ओट्यावरून बोलले, "झालं का वं?"
"एक पान राह्यलं, बाबा."
आत आले. हात पुसले. चष्मा लावून कोणतं पान उघडं आहे ते पाह्यलं. मले वाटलं वही ओढून घेतीन.
नाई घेतली. माझ्या बाजूले खाली बसले.
म्हणे, "ठरवू दोघं. मंगळवारले अजून दोन दिवस आहेत."