उभ्या चिंचेचा सौदा

मी, शेख रहेमतुल्ला वल्द शेख चांद, वय अंदाजे सत्तर, धंदा जळाऊ लाकडाची वखार, राहणार देऊळघाट, तालुका बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं लिहिणारे उत्तमराव अर्जनवीस सांगतात.

कलम १. आमच्या शरियतीत माणसाची मर्जी तिसऱ्या हिश्श्यापुरतीच चालते. बाकी घर, वखार, बैलजोडी बायको हुस्नबानो आणि मुलगे फारुख व सईद यांच्यात शरियतीप्रमाणे वाटली जावी. त्यात मी नाक खुपसत नाही.

कलम २. कुऱ्हाडी, करवत, पाचरी आणि मोठा तराजू माझ्याकडे तीस वर्षं लाकूड फोडणाऱ्या कारभारीला द्यावा. माझ्या मुलांना कुऱ्हाड कुठल्या टोकाला धरतात तेही ठाऊक नाही.

कलम ३. मुलांसाठी थोडी अक्कल ठेवतो. झाड विकत घेताना स्वस्तच दिसतं. त्यावर तोडणावळ, गाडीभाडं आणि नाक्यावरची पावती चढली की दहाचं झाड पंचविसाला पडतं. ओलं लाकूड वजनावर घेऊ नका. त्यात निम्मं पाणी असतं, आणि पाणी विहिरीत फुकट मिळतं. बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ मारून ऐका, पोकळ असेल तर लगेच कळतं. फळी दोन वर्षं सावलीत वाळल्याशिवाय वापरू नका, वाकते. चाळीस वर्षांत झाडाच्या बाबतीत माझा अंदाज एकदाही चुकला नाही. चुकला तो बाईच्या बाबतीत.

कलम ४. ती बाई म्हणजे गोजरबाई. १९१३ साली तिच्या बांधावरची चिंच मी उभी विकत घेतली. झाड साठ रुपयांचं. तिने पस्तिसात दिलं, पण अट घातली की ती जिवंत आहे तोवर फांदीलाही कुऱ्हाड लावायची नाही. बाई तेव्हा साठीची, दम्याने वाकलेली. मी मनात दोन वर्षं धरली आणि खुशीत घरी आलो. आज अठ्ठावीस झाली. बाई ताठ आहे आणि दमा मला लागलाय.

एन्फ्लुएंझाच्या साली ती खाटेवर पडली. मी बघायला गेलो. मनात काय होतं ते अल्लाला ठाऊक, आणि तिलाही. डोळे न उघडता म्हणाली, "रहेमत, कुऱ्हाड घरीच ठेवली काय बे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन वैद्य आणला, दोन रुपये दिले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य खरंच मेला, बाई आहे.

शिवाय सौद्यात लाकूड माझं, फळ तिचं. म्हणजे माझ्याच झाडाच्या चिंचा हुस्नबानो अठ्ठावीस वर्षं विकत आणते आहे, वर मलाच ऐकवते, "घ्या, तुमच्या वखारीचा माल!" पस्तिसाचं झाड मला शंभराच्या पुढे पडलं, आणि अजून काडी हाती नाही.

कलम ५. सईदने बुलढाण्याच्या वकिलाला विचारलं, बाई हद्दीबाहेर जगली म्हणून करार मोडतो का. शरम वाटली मला. माझ्यामागे गोजरबाई जिवंत असताना चिंचेला कोणी कुऱ्हाड लावली, तर माझ्या मर्जीचा तिसरा हिस्सा मशिदीच्या विहिरीला जाईल. नाही लावली, तर तोही तुमचाच. ती तुम्हालाही पुरून उरली, तर नातवांना हा कागद वाचून दाखवा.

कलम ६. माझ्या कबरीत माती लोटण्याआधी मय्यतीवर ज्या फळ्या टाकतात, त्या या चिंचेच्या असाव्या अशी फार इच्छा होती. आयुष्यात याहून चांगलं झाड मी घेतलं नाही. पण जबान दिली आहे. बाभळीच्या टाका.

कलम ७. गोजरबाईला दर पावसाळ्याआधी गाडीभर वाळलेलं जळण द्यावं, असं लिहा म्हटलं. उत्तमराव म्हणाले, ती साक्षीदार आहे, साक्षीदाराला काही देता येत नाही. मी तिला म्हटलं, साक्ष सोड, गाडी घे. ती म्हणाली, "गाडी राहू दे. जल्मात मले कोणी साक्षीले बोलावलं नाही." म्हणून हे कलम रद्द. तिला काही देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हा कागद मला वाचून दाखवला, दोनदा, कारण पहिल्यांदा मला झोप लागली. मजकूर कबूल.

मुक्काम देऊळघाट, ता. १२ फेब्रुवारी १९४१
सही (उर्दूत): शेख रहेमतुल्ला

साक्षीदार
१. निवृत्ती पाटील, देऊळघाट, सही दस्तुरखुद्द.
२. गोजरबाई, देऊळघाट, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदाराने आपलं बोलणंही लिहा असा हट्ट धरला, अंगठा उचलेना, म्हणून जसंच्या तसं लिहिलं:

"हा मले काही देऊ शकत नाही, तं मीच त्याले देऊन राह्यली. विहिरीकडची मोठी फांदी आजच तोडा, त्याच्या फळ्यांसाठी. पण वाळाले दोन वर्सं लागतात. तवरोक त्याले मरू देऊ नका."