पंप ठरेना, कारण तुझे कान

ती. आईस,

वाकून नमस्कार. आम्ही इकडे ठणठणीत आहोत.

तू येणार म्हणून घर उबदार ठेवायला हीट पंप घेतोय. त्याचं बाहेरचं यंत्र तुझ्याच खिडकीखाली येणार. दोन कंपन्यांवर गाडी अडली आहे. एकीचा पंप कडाक्याच्या थंडीतही जोमानं चालतो, पण घरघरतो. दुसरीचा अगदी गुपचूप चालतो, पण थंडी वाढली की मान टाकतो. तुझे जावई म्हणतात, "नाणं उडव." मी मात्र हे पंप बसवलेल्या लोकांच्या अंगणात डोळे मिटून दोन्ही ऐकून आले. एका बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

मांजर चाललं तरी जागी होणारी तू, म्हणून गुपचूप पंपच घेणार होते. पण काल दादा बोलून गेला की, हल्ली तुला दाराची बेलही ऐकू येत नाही. खरं का? फोनवर विचारलं तर नेहमीसारखं "हो हो" म्हणशील, म्हणून हे पत्र.

आधी कान दाखवून ये आणि डॉक्टर काय म्हणाले ते न लपवता कळव. तोवर दोन्ही विक्रेते थांबतील. घरघरणारा पंप घेणं मला इतकं सोपं व्हायला नको आहे.

तुझी,
धाकटी