दादा, तुमच्या बहिणीचा कॉम्प्युटर मी वेगवान केला

तीर्थरूप दादांना,

गुडघा परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? वहिनींचं रक्तदाबाचं यंत्र पुन्हा बरोबर आकडे दाखवू लागलं, की अजून भलत्याच कुणाचा रक्तदाब दाखवतंय? (मागच्या भेटीत ते मी उघडलं होतं, हा निव्वळ योगायोग समजावा.) इकडे सगळे सुखरूप आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुमची बहीण, आणि सुखरूप म्हणजे आम्ही पुन्हा एका टेबलावर जेवू लागलो आहोत. गेल्या आठवड्यात तेवढंही नव्हतं.

पत्र हाताने लिहिलेलं पाहून नवल वाटेल. कारण साधं आहे. कॉम्प्युटरला तुमच्या बहिणीने पासवर्ड घातला आहे. मी लग्नाची तारीख घालून पाहिली, तुमचं नाव घालून पाहिलं, माझंही घालून पाहिलं (हे केवळ आशेपोटी), एकही लागला नाही. तेव्हा हकिकत मुळापासून सांगतो, म्हणजे दुसऱ्या बाजूने तुमच्या कानावर आली तर तुलना करायला बरी.

तुमची बहीण सव्वीस वर्षं एकाच प्रकाशकाची प्रूफं तपासते आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी प्रूफं कागदावर यायची, आता कॉम्प्युटरवर येतात. आणि आमचा कॉम्प्युटर असा, की सकाळी बटण दाबावं, कुंड्यांना पाणी घालावं, वाळलेले कपडे काढून घड्या कराव्यात, तरी तो डोळे चोळतच बसलेला. मी पडलो पाणीपुरवठ्याचा माणूस. अडतीस वर्षं पंप उघडले आणि मिटवले. यंत्र मंद चाललं म्हणजे कुठेतरी गाळ साचला, एवढंच माझं तत्त्वज्ञान. म्हणून मी तुम्हाला फोन केला, तुम्ही चार उपाय सांगितले, आणि मी ते कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतले. पुढे जे झालं त्याचा दोष मी तुम्हाला मुळीच देत नाही. (फार तर एक चतुर्थांश.)

पहिला उपाय, कॉम्प्युटर सुरू होताना जे प्रोग्राम आपोआप सुरू होतात त्यांतले नको ते बंद करायचे. यादीत एकोणीस नावं होती. मला त्यांतलं एकही ओळखीचं वाटेना, म्हणून एकोणीसही बंद केले. कॉम्प्युटर चाळीस सेकंदांत सुरू झाला! मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो. फक्त त्याला मराठी लिहिता येईनासं झालं होतं, हे दुसऱ्या दिवशी तुमच्या बहिणीच्या लक्षात आलं. तो एक प्रोग्राम पुन्हा चालू केला. बाकीच्या अठरांची चौकशी करायला अजून कुणी आलेलं नाही. दुसरा उपाय धुळीचा, आणि इथे मात्र मला तोड नाही. वायर काढली, झाकण उघडलं, तर पंख्याभोवती उशी भरता येईल एवढी धूळ. पातं बोटाने धरून ती मऊ ब्रशने अशी साफ केली, की घरघर पार गेली. तुमची बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवाज थांबला की प्राण गेला?" (कौतुकाची ही तिची पद्धत.)

तिसरा उपाय, कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांना सोसेल असा करून घ्यायचा. तिचे डोळे संध्याकाळी चुरचुरतात, म्हणून मी मागे काळा रंग घेतला, अक्षरं पिवळी आणि मोठी केली, बाण लिंबाएवढा केला. अक्षरं किती मोठी? दारात उभं राहून चष्म्याशिवाय मला वाचता येतील इतकी. गोम एवढीच, की पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्द मावायचे. ती म्हणाली, "अहो, मला प्रूफं वाचायची आहेत, विमान उतरवायचं नाही!" पण काम घाईचं होतं, आणि आधी तिथे काय होतं ते मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ती तशीच कामाला बसली.

आता चौथा उपाय. वारंवार लागणाऱ्या वाक्यांना छोटी खूण द्यायची, म्हणजे खूण टाइप केली की पूर्ण वाक्य आपोआप उमटतं. मला ही कल्पना इतकी आवडली, की मी तुमच्या बहिणीच्या जुन्या प्रूफांचा गठ्ठा काढून तिचे नेहमीचे शेरे शोधले. एक होता 'काढून टाकावे'. त्याला मी खूण दिली 'का'. दुसरा होता 'ही चूक लेखकाची आहे, छपाईची नाही'. त्याला दिली 'ही'. (नळ जितका आखूड तितका दाब चांगला, हे अडतीस वर्षांचं ज्ञान.) हे मी तिला सांगितलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

त्याच मंगळवारी तिने एका निवृत्त न्यायाधीशांच्या पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रूफ संपवलं आणि त्यांना चार गोड ओळींचं पत्र लिहिलं. पत्र आधी कागदावर लिहायचं आणि मग कागदाकडे बघत झपाझप टाइप करायचं, ही तिची सवय. (बघा, 'ही' हा शब्द हाताने लिहितानाही आता पुढे काय उमटतं ते मी बघून घेतो.) पडद्याकडे पाहिलं असतं तरी चार-पाच पिवळे शब्दच दिसले असते. पत्र गेलं. ते असं गेलं:

'ही चूक लेखकाची आहे, छपाईची नाही कादंबरी वाचताना मन भरून आलं. अर्पणपत्रिकेत आपण पत्नीचा उल्लेख केला आहे, ही चूक लेखकाची आहे, छपाईची नाही फार हृद्य गोष्ट आहे. मलपृष्ठावर आपला फोटो मोठा घ्यायचा काढून टाकावे? शेवटचं प्रकरण आपण एकदा पाहाल काढून टाकावे?'

गुरुवारी सकाळी प्रकाशकांचा फोन आला. तुमच्या बहिणीने तो उभ्याने घेतला आणि ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. न्यायाधीश दोन दिवस जेवले नव्हते, आणि पुस्तक परत मागत होते. प्रकाशक म्हणाले, सव्वीस वर्षांत तुमच्या हातून एक काना राहिला नाही, आणि आता हे? न्यायाधीश दुपारी तुमच्याकडेच येताहेत, तुम्हीच निस्तरा, नाहीतर यापुढची प्रूफं दुसरीकडे पाठवावी लागतील. फोन ठेवून तिने ते पत्र उघडलं, एकेक पिवळा शब्द सरकवत शेवटपर्यंत वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. दादा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "माझं नाव होतं हो तिथे." अडतीस वर्षांत पंप फुटून अंगावर पाणी आलं, पण इतका गार मी कधी पडलो नव्हतो.

दुपारी तीनला दोघं आले, न्यायाधीश आणि त्यांच्या पत्नी. पत्राची छापील प्रत त्यांनी टेबलावर ठेवली, पुराव्यासारखी. तुमची बहीण बोलायला तोंड उघडणार, तोच मी पुढे झालो.

"साहेब, हे माझं काम आहे," मी म्हणालो. "यांना काही माहीत नव्हतं."

"तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं यांनी. बदललं मी."

"का?"

शप्पथ सांगतो, 'काढून टाकावे' हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मी सगळी हकिकत सांगितली, कॅलेंडर आणून दाखवलं, कॉम्प्युटर लावून प्रत्यक्ष 'ही' टाइप करून दाखवलं. न्यायाधीश वाकून बघत राहिले. त्यांनी स्वतः एका बोटाने 'ही' दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला, पण हसले नाहीत. हसल्या त्यांच्या पत्नी, आणि अशा हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मला या घरी यायचंच होतं," त्या डोळे पुसत तुमच्या बहिणीला म्हणाल्या. "अर्पणपत्रिका वाचलीत ना? 'पत्नीस, जिने मला कधीच अडवलं नाही.' चाळीस वर्षं मी यांना अडवण्याशिवाय दुसरं काय केलंय? मी दहा वेळा सांगितलं, हे खोटं आहे. ऐकेनात. म्हटलं, शेवटी कुणीतरी लिहून दिलं, चूक लेखकाची आहे!"

न्यायाधीशांनी तुमच्या बहिणीकडे पेन मागितलं, बरोबर आणलेल्या अर्पणपत्रिकेच्या पानावरचे 'कधीच अडवलं नाही' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'वेळोवेळी अडवलं'. पान तिच्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, "शुद्धलेखन ठीक आहे ना?" तिने एक वेलांटी दीर्घ करून दिली. तेव्हा ते हसले. तिथूनच त्यांनी प्रकाशकांना फोन करून सांगितलं, पुस्तक छापा, आणि पुढचंही याच बाईंकडे द्या. जाताना मला मात्र बाजूला घेऊन निकाल सुनावला: यापुढे एका वेळी एकच बदल करायचा, आधी काय होतं ते लिहून ठेवायचं, आणि यंत्र ज्याचं असेल त्याला विचारायचं. अपील नाही.

असो. वहिनींना नमस्कार, आणि मान सांभाळा.

तुमचा,
शिक्षा भोगत असलेला मेहुणा

ता. क. न्यायाधीशांचाही कॉम्प्युटर फार मंद आहे. त्यांनी मला रविवारी पंख्याची धूळ काढायला बोलावलंय. (फक्त धूळ. हे त्यांच्या पत्नीने दोनदा सांगितलं.)

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की ते काळं-पिवळं पूर्ववत कसं करायचं ते मला येत नाही. उद्या चार वाजता मी तुम्हाला तुमच्या मानेची चौकशी करायला फोन करीन. तुम्ही मानेबद्दल बोलत बोलत मला हळूच सांगा. पासवर्डचं मी बघतो.

ता. क. (हे मी लिहितेय.) दादा, पाकिटात घालण्याआधी पत्र वाचलं, चौदा चुका दुरुस्त केल्या आहेत. रंग आणि अक्षरं मी गुरुवारीच नीट करून घेतली, दोन मिनिटं लागली. उद्या चारला त्यांना खुशाल बोलू दे. फक्त एक कर. तुझ्या माळ्यावर तो बंद पडलेला जुना कॉम्प्युटर आहे ना, तो तसाच, दुरुस्त न करता, लवकरात लवकर पाठव. सकाळपासून हे फ्रिजला कान लावून उभे आहेत.