मागं बसणाऱ्यासाठी टायर

६ जानेवारी २०२५

एकटी असली की घासत नाही! किरनापूरच्या शाळेत शिकवून परत बालाघाटले आली, मागच्या टायरचा आवाज नाही. दिवाळीत नवऱ्यानं, अश्विननं माझ्यासाठीच मोटरसायकलची उंची कमी करून घेतली, माझे पाय जमिनीले टेकावे म्हणून. टेकतात. पण मी चालवली अन् तो मागं बसला, तं लामता गावापर्यंत टायर मडगार्डले घासत गेलं — घर्र, घर्र. म्हणे, "पुढच्या खेपेले कमी उंचीचं टायर टाकू." अन् गेला पुण्याले, कामावर.

८ जानेवारी

फोन. "संक्रांतीले येतो." हौ म्हटलं.

११ जानेवारी

हिरालालच्या टायरच्या दुकानात गेलती. त्यानं जाडजूड टायर काढलं. "मैडम, चौड़ा डालो, मस्त दिखेगा!" दिसणं घेऊन काय करू? आत्ता आहे १००/९०. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. त्याचं १२०/८० तं आणखीनच उंच होते! १००/८० टाकलं तं वर बोटभर जागा निघते. पण गाडीही बोटभर खाली येते, मग ब्रेकरवर पोट घासणार. काही ना काही घासणारच, मेलं!

"कितने लोग बैठते हैं?" त्यानं विचारलं.

"दो."

खोटं काहून बोलली मी?

१४ जानेवारी

नाही आला. सुट्टी नाही म्हणे. तिळाचे लाडू डब्यात भरून ठेवले.

१९ जानेवारी

सासूबाई म्हणाल्या, "एकटीच तं फिरतेस वं पोरी. हे टायर चांगलं आहे न!"

रागच आला. खरं बोलल्या म्हणून आला. मले टायर नाही पाहिजे, मले तो पाहिजे. मागं बसून खांद्यावर हनुवटी टेकवणारा, कानात कटकट करणारा — "गिअर बदल, गिअर बदल!" त्या कटकटीसाठी जीव तरसते.

२३ जानेवारी

अश्विन म्हणे, "गाडी विकून टाक. तू एकटी रस्त्यानं जातेस, मले घोर लागते. बसनं जात जा."

म्हणजे त्याले यायचंच नाही. येणाऱ्यानं गाडी विकायले सांगितलं असतं काय? मी फोन ठेवून दिला. पोळ्या करता करता रडली.

२४ जानेवारी

शाळेतून सरळ हिरालालकडे. १००/८० मागवलं. "जल्दी है क्या?" म्हणे. हौ म्हटलं. विकत नाही म्हणजे नाही!

३ फेब्रुवारी

टायर आलं. उद्या बसवायले बोलावलं.

४ फेब्रुवारी

हिरालालकडे गेलीच नाही. सकाळीच फोन — "बसस्टँडवर आहो. घ्यायले ये."

सगळं सामान घेऊन उभा होता. गादीसुद्धा! "काम सोडलं. आता जात नाही," म्हणे. बाकीचं सामान ऑटोनं घरी पाठवलं. बॅग मांडीवर घेऊन मागं बसला. अन् घासलं! घर्र, घर्र, लोक वळून पाहत.

"टायर बदललं नाहीस काय वं?"

मी गाडी लांबच्या रस्त्यानं घेतली.